टिचकी मारायची राहिलेली प्लेट

मंगळवार, ४ फेब्रुवारी
रविवारी विहीणबाई जेवायला येणार. सूनबाईने लग्न ठरवताना स्वतःच्या आईला विचारलं नाही, म्हणून आईने आजवर आमच्या घराचा उंबरठा ओलांडला नाही. आता आपणहून फोन केला — तेव्हापासून सूनबाईचं डोकं ठिकाणावर नाही. घरातल्या प्लेटा चालणार नाहीत म्हणे. मी बोलते आणि हे लिहून घेते तीच. लिही गं, जसंच्या तसं लिही. रोजनिशी माझी आहे.

बुधवार, ५
आधी मॉलमध्ये नेलं मला. प्लेटला टिचकी मारली तर तिथली मुलगी धावत आली — "आजी, हात नका लावू." हात न लावता घ्यायची कशी? फोटो थोडाच जेवायला मांडणार आहे?
तिथून उठवून सूनबाईला भांडीबाजारात नेली. तिथला दुकानदार आधी बसायला स्टूल देतो. प्लेट बोटांवर तोलायची, कडेला टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर आपली. थप्प वाजली तर आत केसाएवढी चीर आहे, गरम वाढल्यावर कधी तडकेल नेम नाही.
सूनबाई उचलते नि ठेवते. पांढरी — "आईला दवाखान्यासारखं वाटेल." निळी — "आई म्हणेल, उदास आहे." शेवटी दुकानदार वैतागला, "ताई, मग आईंनाच घेऊन या ना." झालं, हिचे डोळे भरले. मीच पांढऱ्या बांधायला लावल्या. त्या गडबडीत शेवटच्या प्लेटला टिचकी मारायची राहिली.

गुरुवार, ६
घरी वाजवली. थप्प. बदलायला मी जाणार नाही, गुडघे माझे आहेत. चिरलेली घरच्या माणसाने घ्यायची, चांगली पाहुण्याला. ती माझ्यापुढे ठेव, बजावलंय.

शनिवार, ८
टेबलावरचं कापड. दुकानाच्या दिव्याखाली सगळेच रंग गोड दिसतात, म्हणून दारात आणून बघ म्हटलं. ही थेट रस्त्यापलीकडे गेली. दुकानदार मागे धावला. फुलं घेताना पाकळ्या बघत बसली. पाकळ्यांवर फुलवाला पाणी मारतो, बाई, देठ बघ.
"आई जेवायला येतेय, तपासणीला नाही," मी म्हटलं.
"तुम्ही ओळखत नाही तिला."
"तू तरी किती ओळखतेस आता?"
पेन का थांबलं? लिही.

रविवार, ९
आल्या. बसल्यात. बोलतात ते फक्त हवेबद्दल. पुढचं उद्या.

सोमवार, १०
आजचं अक्षर वेगळं आहे. सूनबाई अजून झोपलीय. विहीणबाई लिहून घेतायत — काल इथेच राहिल्या.
घोटाळा सांगते. धांदलीत सूनबाईने ती थप्प प्लेट नेमकी आईपुढेच मांडली. विहीणबाईंनी बसल्या बसल्या कडेला टिचकी मारली. सूनबाई पांढरीफटक. मी प्लेट ओढायला हात घातला, तर त्यांनी धरून ठेवली.
"असू द्या हो. चांगल्या प्लेटा पाहुण्यांना लागतील."
मागची पानंही वाचून झालीत त्यांची. काही खोडायचं नाही, मी सांगून ठेवलंय.