डोल्माचं पट्ट्यांचं फडकं

संक्रांतीनंतरचा शुक्रवार, धाराशिव

जप करतानाही ते पट्ट्यांचं फडकंच डोळ्यांपुढं. मी चुकले का? छे!

डोल्मा तिबेटी निर्वासितांतली. हिवाळ्यात स्वेटर विकायला येते, आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहते. आज मीच तिला हळदीकुंकवाला बोलावलं. इथल्या बायकांत शोभावं म्हणून बिचारी माझी जुनी साडी मागून नेसली, पण कमरेला पुढून एप्रनसारखं बांधलेलं तिचं ते रंगीत पट्ट्यांचं फडकं होतंच. शेजारच्या सुमनकाकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अगं, चुलीपासून उठून आलीस व्हय? सोड ते फडकं." बाया फिदीफिदी हसल्या.

डोल्मानं फडकं घट्ट धरलं. "काकू, आमच्यात लग्न झालेली बाईच हे बांधते. नवरा आहे माझा. कसं सोडू?"

सवाष्णींच्या बैठकीत सवाष्णीलाच लेणं उतरवायला सांगायचं? देवीला तरी रुचेल का?

मी उठले. पहिलं हळदीकुंकू तिलाच लावलं, वाण दिलं. काकू फणकारल्या, "मग आमी निघतो."

म्हटलं, "तिळगूळ घेऊन जावा."

गेल्या. गेल्या तर गेल्या. पुढल्या शुक्रवारी डोल्माला परत बोलावलंय. साडी नेसायची का नाही, तिचं ती बघेल. फडकं मात्र बांधूनच ये, म्हणून बजावलंय.