अंबाडीचं तास

बाबा, काल आदिलाबादच्या कोर्टात मी तुमची केस मिटवून आले. काकांशी तडजोड केली. साक्षी सुरू व्हायच्या आधीच जजसाहेबांनी दोघांना लोकअदालतीत पाठवलं आणि तुमची वारस म्हणून मी सही केली. तुम्ही असता तर मला घरात पाय ठेवू दिला नसता.

आज्यानं वाटणी केली तेव्हा दोन भावांत माती कशाला उभी करायची म्हणून धुरा, म्हणजे बांध, घातलाच नाही. मधे फक्त अंबाडीचं एक तास, पेरलेली एक ओळ. ते दरवर्षी थोरल्यानं, म्हणजे तुम्ही, पेरायचं आणि भाजी दोन्ही घरच्या बायांनी खुडायची. पेरणीची तिफण तुम्ही हाकायचात आणि मागून सरत्याच्या नळीतून बी मी सोडायची. आपला डावा बैल एका डोळ्यानं अधू होता, तो काकांच्या वावराकडे रेटायचा. तुमचा त्याच्यावर फार जीव, विकायचं नावही काढू देत नव्हतात. मला अजून ती सकाळ दिसते. गेल्या वर्षीची अंबाडीची खुंटं आपल्या आतल्या बाजूला राहिली आहेत, आणि मी म्हणते, "बाबा, तास काकाच्या वावरात चाल्लं." तुम्ही वळूनही पाहत नाही. "तुले काय समजते? गुमान बी सोड."

मी सोडलं. त्या वर्षी, पुढच्या वर्षी, माझं लग्न होईपर्यंत. वीतभर वीतभर करत काकांची सहा तासं आपल्यात आली. त्यांनी मोजणी मागितली तर तुम्ही त्यांनाच चोर म्हणालात, कोर्टात गेलात, आणि मरेपर्यंत सख्ख्या भावाशी बोलला नाहीत. तुम्हाला दिसत होतं ना, बाबा? मला याचा फार राग येतो, आणि तुमची आठवणही तेवढीच येते.

वकील म्हणाले, "मॅडम, पेरणाऱ्या तुम्हीच. अंबाडी पहिल्यापासून तिथंच होती एवढं सांगा, केस आपली." मी शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवते. शपथ घेऊन हे सांगणं जमलं नसतं, आणि खरं सांगायला उभी राहिले असते तर तुम्हाला भर कोर्टात खोटं पाडावं लागलं असतं. म्हणून सहा तासं सोडली. आता मधे दगड रोवायचे ठरलं आहे, अंबाडी नाही.

बाहेर पायऱ्यांवर काका काठी टेकत जवळ आले. "काऊन वो बाई, जितत होतीस तं सोडलं काऊन?" मी म्हटलं, "कंटाळली मी, काका." त्यांनी डोक्यावर हात ठेवला. "मोठ्या मनाची हायेस माय तू. तुया बापाले नाही जमलं." आणि ते रडले.

तास सरकताना मी पाहिलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. तुमचं नाव राखायला गप्प राहिले, असं इथे लिहिणार होते. पण काकांनी मोठ्या मनाची म्हटलं ते मला आवडलं होतं, बाबा, म्हणून गप्प राहिले.