लेकुरवाळीच्या मांडीवरचं लेकरू

आई, चाकणहून तुझ्या शीतलचा पाया पडून नमस्कार.

मी बरी हाय. सातवा लागला. बाळ बराबर हाय म्हणल्या डॉक्टरीणबाई, फक्त पलंगावरून उठायचं न्हाई. आपली म्हैस व्याली का?

भारतदादानं जाफराबादेतून बांधावरच्या लेकुरवाळीचा फोटो धाडला. ट्रॅक्टरचा धक्का लागल्ता, मंग नवा शेंदूर लावला म्हणला. एवढा जाड कशाला लावला? दगडातली माय दिसती, तिच्या मांडीवरचं लेकरू दिसत न्हाई. माझी ओटी तू तिच्यापुढंच भरल्ती.

सासूबाई जवळच बसतात, फोनवर विचारता येत न्हाई, म्हणून लिहून राह्यले. दादाला विचारू नको. तूच जा, नखानं शेंदूर खरवडून बघ. लेकरू असलं तर जल्दी फोन कर.

नसलं तरी कर, अन् हाय म्हण.

तुझी लेक,
शीतल