शोभेची संचालिका

प्रिय भार्गवी,

तुझा फोन शुक्रवारपासून बंद आहे, म्हणून कागद घेतला. बेळ्ळंदूरच्या धुळीत तुला लगेच खोकला होतो, जपून राहा.

तुझं व्याख्यान अजून डोक्यातून जात नाही. माझी लेक कंपन्यांच्या संचालक मंडळांवरच्या बायकांवर संशोधन करते, म्हणून मी चिकपेटला जाऊन नवी साडी घेतली आणि पुढच्या रांगेत बसले. कायद्याने एक बाई घ्यावीच लागते, म्हणून मालक आपल्या बायकोलाच बसवतात, असं तू सांगत होतीस. मग पडद्यावर माझा फोटो आला. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या कारखान्यातली बैठक, माझ्या हातात कॉफीबरोबरच्या कोडबळ्यांचा डबा, आणि खाली 'शोभेची संचालिका'. सभागृह पोट धरून हसलं. शेजारच्या बाईंना कळू नये म्हणून मीही हसले. फार लागलं गं मला ते.

खोटं त्यात काहीच नव्हतं. कंपनी सेक्रेटरी गिरीराज पेन्सिलीने फुली मारायचा, तिथे मी सही करायचे. तुझे अप्पा म्हणायचे, "सुनंदा, स्वल्प कॉफीचं बघ," की मी बघायचे. यंदा माझी संचालकपदाची मुदत संपत होती. माझ्या जागी शिकलेली भार्गवी यावी असं अप्पांनी ठरवलं, तुला ते पसंत पडलं. मला कोणी विचारलं नाही. तू तर नोकरीचा राजीनामा देऊन माझी खुर्ची आपल्या मापाची करून घेतलीस.

कारखान्याला भांडवल माझ्या वडिलांनी दिलं, तेव्हा निम्म्याहून जास्त शेअर त्यांनी माझ्या नावावर लावून घेतले होते. दरवर्षी फुलीवर सही करून मी माझं मत अप्पांच्या हाती देत आले, म्हणून तेही विसरले. आणि शेकडो कंपन्यांचे भागधारक तपासणाऱ्या आमच्या विदुषीने घरचे काही तपासले नाहीत.

शुक्रवारच्या वार्षिक सभेला मी कोडबळी नेली नाहीत आणि सहीही केली नाही. तुझं नाव पुकारलं तेव्हा उभी राहून म्हणाले, "माझं मत विरुद्ध." माझ्या स्वतःच्या फेरनिवडीला मात्र बाजूने दिलं. नवा ब्लेझर घालून तू पुढच्या रांगेत बसली होतीस. कोणी हसलं नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं.

आता अप्पा विनवतायत, की एक जागा वाढवून दोघींनाही घेऊ. तू रडत होतीस म्हणे. त्याचं उत्तर तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे लिहिलं. नको. कायद्याला एकच बाई लागते, आणि ती मी आहे.

तुझीच,
आई