डिस्क हाक मारत नाही

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.४०

घडलं ते क्रमाने:
१. मशीनच्या कर्नलमध्ये, म्हणजे मूळ प्रणालीत, मी लिहिलेला नवा डिस्क ड्रायव्हर (डिस्क चालवणारा प्रोग्राम) घातला.
२. काम संपलं की डिस्कने प्रोसेसरला एक हाक मारायची असते. एक काम, एक इंटरप्ट. तिने सेकंदाला चाळीस हजार मारल्या. मशीन गोठलं.
३. मशीनच्या नोंदींचा लॉग शांतपणे वाचता यावा म्हणून ड्रायव्हरमध्ये डिस्कची इंटरप्ट लाइन, म्हणजे हाकेची वाट, बंद केली. तात्पुरती.
४. त्याच कारणासाठी ऑफिसात सर्किट बोर्ड जोडणाऱ्या काकांचे मेसेज म्यूट केले. हा माणूस एक वाक्य सहा तुकड्यांत पाठवतो. हेही तात्पुरतं.

संकल्प: शुक्रवारपर्यंत निकाल.

मंगळवार, ४ मार्च

चूक सापडली. हाक ऐकल्यावर डिस्कला 'ऐकली' असं कळवायचं राहिलं होतं, म्हणून ती ओरडत सुटली होती. एका ओळीचं काम. अशी चूक कोणाकडूनही होते. सापडते मात्र थोड्यांनाच.

दुपारी ४. आता डिस्क हाकच मारत नाही. एकही नाही. माझा कोड दुरुस्त आहे, म्हणजे दोष बोर्डात. बोर्ड काकांनी जोडला. हे माझं मत नाही, साधी वजाबाकी आहे.

गुरुवार, ६ मार्च

काकांना ईमेल केली: बोर्डाच्या जोडांचं सोल्डरिंग पुन्हा तपासलं का? लेखी कळवावं.

ते भिंगाशिवाय काम करू शकत नाहीत. निवृत्तीला सात महिने आहेत. मला 'पोरी' म्हणतात. यातून मी काही सुचवत नाहीये.

शुक्रवार, ७ मार्च

निकाल नाही. शुक्रवार हा वार सोमवारी अपुऱ्या माहितीवर ठरवला होता.

रविवार, ९ मार्च

जेवताना धाकटीने विचारलं, तोंड का पाडलंयस. सोपं करून सांगितलं. त्यावर म्हणाली की ताई, तू लहानपणी रुसून खोलीला आतून कडी लावायचीस आणि मग 'मला कोणी बोलवतच नाही' म्हणून रडायचीस, तसलं तर काही नाही ना?

हिला काय कळणार! विषय बदलला.

सोमवार, १० मार्च

ईमेलला उत्तर नाही. काका दोनदा वर आले होते. माझ्या कानांवर हेडफोन, दारावर 'कामात आहे' ही पाटी. काचेपलीकडून हात हलवला. मीही हलवला. मोठ्या माणसांचा मान राखावा.

बुधवार, १२ मार्च. दुपारी ३.१०

अहवाल दिला. घाई केली नाही, दुपारपर्यंत वाट पाहिली. शेवटचं वाक्य: 'संबंधितांकडे लेखी विचारणा केली, त्यांनी उत्तर देण्याची तसदी घेतली नाही.' 'तसदी' शब्दावर बराच विचार केला. ठेवला.

साहेबांनी विचारलं की प्रत्यक्ष बोललीस का त्यांच्याशी, तेवीस वर्षं इथे काढलेला माणूस आहे. मी म्हणाले, डिस्कला वर्षं मोजता येत नाहीत. ते हसले. म्हणाले, तुझ्यावर भरवसा आहे.

सोमवार, १७ मार्च

काकांना उद्यापासून येऊ नका असं सांगितलं गेलं. तेवीस वर्षांचं सामान एका खोक्यात मावलं. रिसेप्शनवाली डोळे पुसत म्हणाली, देवमाणूस हो! असेल. सोल्डरिंगचं काय?

जाताना माझ्या दाराशी थांबले. हेडफोन होते.

त्यांची खिडकीजवळची खुर्ची मागून घेतली. पाठीला बरी आहे.

शुक्रवार, २१ मार्च

बाहेरून दुसरा बोर्ड जोडून आणला. डिस्क गप्प. तिसरा आणला. गप्प. हल्ली कोणालाच धड काम येत नाही. साहेब म्हणाले, तिन्ही कसे गं बिघडतील? त्यांनाही खुलासा लेखी देईन.

बुधवार, २६ मार्च. सकाळी १०.०५

खुलाशासाठी ड्रायव्हर पहिल्या ओळीपासून वाचला. अकरावी ओळ: लाइन बंद. शेजारी माझीच टीप: 'तात्पुरतं.'

लाइन चालू केली. डिस्कने लगेच हाक मारली. एक काम, एक हाक. काकांचा बोर्ड परत लावून पाहिला. त्यावरही.

१०.२०. दोष कोणाचा म्हणता येणार नाही. त्या ओळीची आठवण करून देणारं कोणी नव्हतं.

१०.३०. त्या दिवशी तात्पुरत्या गोष्टी दोन केल्या होत्या. दुसरीही आत्ता उघडली. सदतीस मेसेज. शेवटचे सहा, मंगळवार ११ मार्चचे:

पोरी

बोर्ड तीनदा तपासला, ठीक आहे

तू लाइन बंद करून विसरली नाहीस ना, बघ

माझ्याकडूनही झालं होतं एकदा, लाजू नको

साहेबांना काही लिहिण्याआधी माझ्याशी बोल

उद्या, बुधवारी दुपारपर्यंत उत्तर दे