लाल्याचा वाटा

मुक्काम रंगराव पाटलाचा मळा, धामणगाव बढे
मंगळवार, १२ फेब्रुवारी १९६३

तीर्थरूप निवृत्तीदादा,

तुह्या पायावर डोकं ठेवतो. मायले अन् वहिनीले माहा नमस्कार सांगजो.

तुहं कार्ड गुरुवारीच भेटलं होतं. उत्तर त्याच दिवशी टाकाचं होतं, पण पहिले शाई नव्हती, मंग टाक सापडेना, मंग वाटलं आता पोस्टाची पेटी उघडून गेली असन. खरं सांगू त शाई होती. टाकही खिशातच होता. मी टाळून राह्यलो होतो.

मळा चांगला आहे. विहिरीले पाणी आहे, हरभरा घाट्यावर आला आहे. पाटलानं बॅटरीवरचा रेडू आणला, तो लागला का गडी कामं सोडून खिडकीखाली येऊन बसतात. परवा एक म्हातारा मले विचारे, आतमधला माणूस जेवते कवा? मी म्हटलं, बातम्या झाल्यावर. त्याले पटलं. बरं, ते राहू दे. तू लाल्याचं विचारलं आहे.

मी पहिल्या कार्डात लिहिलं होतं का लाल्याचे पाय थोडे दुखतात. थोडे नव्हते. तूर कापलेल्या वावरात खुटं कसे उभे राहतात तुले माहीत आहे, अन् वर डोंगराच्या अंगाले सारा मुरूम. डुकरं उठवाले तीन दिवस सलग हाका झाला, मांगं ढोल वाजवत माणसं अन् पुढं कुत्रे. तिसऱ्या दिवशी त्याच्या पंजाखालच्या गाद्या सोलून निघाल्या, आतलं मांस दिसे. चालला का भुईवर लाल ठसे उमटत.

तू लिहिलं, कोमट मिठाच्या पाण्यानं धू, हळद जवसाच्या तेलात कालवून लाव, धुतलेल्या धडप्यानं बांध, आठ दिवस खुट्याले ठेव. अन् खाली लिहिलं, तू शिटी मारली त तो मरेपर्यंत धावन, म्हणून अक्कल तुले पाहिजे. ते कार्ड पाच दिवसांपासून खिशात घेऊन फिरून राह्यलो.

शुक्रवारी पुन्हा हाका होता. इथली रीत अशी का डुक्कर पडलं का वाटे पडतात. माणसाले एक वाटा, अन् ज्या कुत्र्यानं डुक्कर धरलं त्याच्या नावानं आखा एक वाटा, तो कुत्र्याच्या मालकानं उचलाचा. कुत्रं नाही त त्याचा मालकही कामावर नाही. गुरुवारी दिवस कलता पाटील ओट्यावर बसला होता. जवळ दयाराम होता. हा इथलाच गडी, त्याचे दोन कुत्रे आहेत, अन् माह्या जागेवर त्याचा डोळा आहे.

पाटील म्हणे, "काऊन बे कडूबा, उद्या लाल्या येते का नाही?"

"पाय सोलले मालक. दादानं आठ दिवस बांधाले सांगितलं."

"मंग तूही आठ दिवस बांधून घे सोताले. मी कुत्रं पाहून तुले ठेवलं, तुहं थोबाड पाहून नाही."

दयाराम म्हणे, "मालक, मेंदी लावा त्याच्या पायाले. नवरदेव हाये ना तो, त्याले चालवत नाही!"

सारे हासले. मीही हासलो. माह्या कुत्र्यावर. म्हणजे तुह्या.

मंग मी त्याले बिबा लावला.

तुले आठवत असन, लहानपणी माह्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. मायनं सुईच्या टोकाले बिबा टोचून दिव्यावर धरला, त्याचं तेल टाचेत टिपकलं, अन् दुसऱ्या दिवशी मी पयाले लागलो. मले वाटलं, माणसाच्या टाचेले चालते त कुत्र्याच्या पंजाले काऊन चालणार नाही? हळदीले आठ दिवस लागतात, बिब्याले एक रात. मायनं एक थेंब टाकला होता. मी चारी पंजायले गाद्या भरून लावला. चाटू नये म्हणून त्याचं तोंड सुतळीनं बांधलं. तो वरडला नाही. तोंड बांधलेलं होतं, कसा वरडन? नुसता माह्याकडं पाहे. मी तोंड फिरवून घेतलं.

सकाळी पाहतो त बिबा उतला होता. पंजे फुगून पाण्याचे फोडं आले होते. सुतळी ढिली करून त्यानं चाटलंही होतं, ओठ अन् जीभ सारी सोललेली. भाकर टाकली, तोंडात धरता येईना. उभं राहता येईना. बाहेर हाक्याचे ढोल वाजून राह्यले होते अन् दयाराम कुपाटीवरून डोकावून पाहे. मी शिटी मारली. माही नाही दादा, तुही. दोन लांब अन् एक आखूड.

तो उठला.

नाल्यातून एकलं डुक्कर निघालं, मोठा नर. दयारामचे कुत्रे लांबूनच भुंकत राह्यले. लाल्यानं जाऊन कान धरला. डुक्कर वळलं. त्याची उडी तुले माहीत आहे, पाय धड असते त तो कवाचा बाजूले झाला असता. मांगचे पाय भुईले टेकवता आले नाही त्याले. सुळा पोटात गेला. तरी भालेवाले पोचेपर्यंत त्यानं कान सोडला नाही.

वाटे पडले. पाटलानं सोता आवाज देला, "कडूबा, दोन उचल. एक तुहा, एक लाल्याचा." लाल्या तवा जिता होता. बांधावर पडला होता, पोटाले माहं धोतर फाडून बांधलं होतं. मी दोन्ही वाटे उचलले. शिजवले. खाल्ले. चांगले लागले, दादा. हे कोणाले सांगितलं नाही.

पाटलाले म्हटलं, एक काडतूस द्या, त्याचे हाल पाहवत नाही. म्हणे, "काडतूस वाचवाले मी डुकरावर भाले घालतो, अन् तुह्या कुत्र्यावर घालू?" अन् रेडू लावला.

शनिवारी सकाळी मी गावात गेलो, ढोराच्या दवाखान्यात. कंपाउंडर भला माणूस. म्हणे, येतो, पिशवी भरतो, अर्ध्या तासानं ये. बाहेर आलो त गावात शंकरपट भरलेला. वाटलं, अर्धा तास बैलांच्या जोड्या पाहू. एक पांढरी जोडी अशी सुटली का बैल दिसत नव्हते, नुसती धूळ. मी नीट पाहाले बाभळीवर चढलो. मंग दुसरी जोडी, मंग तिसरी. उतरलो तवा दिवस कलला होता. कंपाउंडर माही वाट पाहून दुसऱ्या गावाले निघून गेला होता.

मळ्यात आलो त लाल्या बांधावर नव्हता. मी ज्या वाटेनं गेलो होतो त्याच वाटेनं पन्नास पावलं सरकत आला होता. पोटावर. डोळ्यायवर मुंग्या होत्या.

नाल्याच्या काठाले पुरला. वर दगड ठेवले.

तू कार्डात शेवटी लिहिलं, लाल्याले घेऊन ये, घर तुहंच आहे. त्याच्याबिगर आला त दारातूनच वापस जाजो. ते बराबर आहे. म्हणून मी आता येत नाही. खामगावले एखाद्या कापसाच्या जिनात कामाले लागतो, नाही त तिथून रेल्वेनं जिकडं जमन तिकडं. तू मायले एवढंच सांग का

इथं थांबा लागलं दादा. बाहेरून दयाराम वरडला, "कडूबा, तुही माय आली बे!" मले वाटलं मस्करी करते.

मायच आहे. जन्मात पहिल्यांदा एष्टीत बसली. तुले लेकीकडं जातो म्हणून सांगून निघाली म्हणे. आता माह्या खाटेवर बसली आहे, तांब्याभर पाणी पेली. म्हणे, "किती वाळला रे! चाल घरी. निवृत्तीचं बोलणं काय धरून बसतं? ते कार्ड टाकून तो दोन दिवस जेवला नाही."

तिनं गाठोडं सोडलं. जवसाच्या तेलाची शिशी, हळदीची पुडी, अन् चार लहान लहान पिशव्या. जुन्या गोधडीच्या कपड्याच्या, तोंडाले नाडी, खाली चामड्याचा तळ. लाल्याच्या पायात घालाच्या. तळ चांभाराकडून शिवून आणले, बाकी सारं तिच्या हातचं. एक पिशवी हातात धरून ती खुट्याच्या रिकाम्या दाव्याकडं पाहून राह्यली.

"लाल्या कुठं गेला रे? मले पाहून धावत नाही आला."

मी म्हटलं, "माय, एवढं पत्र पुरं करतो."

तिले वाचता येत नाही. माह्या समोर बसून नाड्या वढून पाहते, पक्क्या आहेत का नाही. म्हणे, "लिही त्याले, माय पोचली. अन् लिही, परवा आम्ही तिघं येतो."

लिहिलं.

भाऊ म्हणाचं का नाही ते तूच ठरव,
कडूबा