मामांच्या कमरेचं पिस्तूल

तुर्भे, रविवार

प्रिय आई,

तुला आणि बाबांना जयभीम. मी मजेत आहे, डबाही चांगला मिळतो. पण आज काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही!

माझी रूममेट अस्मिता, तिचं आज लग्न होतं. नवऱ्याचे मामा कमरेला पिस्तूल लावून हॉलभर मिरवत होते, बरोबर लहान पोरांच्या डोक्याच्या उंचीवर. बुद्धवंदना सुरू होणार, तेवढ्यात अस्मिता उठली.

"मामा, आधी ते घरी ठेवून या."

"लायसन्स आहे माझ्याकडे. दिसलं की लोक वचकून राहतात."

"माझ्या लग्नात कुणी वचकून कशाला बसायचं?"

मला वाटलं, मोडलं लग्न! पण नवरा तिच्याशेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जा मामा, आम्ही थांबतो." मामा तणतणत गेले आणि खरंच पिस्तूल ठेवून परत आले! अस्मिताने त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. टाळ्या वाजवून माझे हात लाल झालेत.

बाबांचा गुडघा कसा आहे? आणि आपला संघर्षदादा निवडणुकीला उभा राहणार म्हणून पिस्तुलाचं लायसन्स काढतोय, हे खरं का गं? ते लावून तो गावात फिरणार असेल तर लगेच फोन कर. मी सुट्टी काढून येते.

तुझीच,
क्रांती